हरिश्चंद्राच्या डब्यावर कोणतं साल लिहायचं?

दर वर्षी ३ मे आला की तीच दृश्यं मोबाइलवर फिरू लागतात. मुकुट घातलेला राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, शेजारी राणी कौतुकाने बघतेय आणि खाली ठसठशीत ओळ: भारताचा पहिला चित्रपट, १९१३. मग अभिमानाच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. अभिमान रास्तच आहे, पण त्या ओळीतलं साल बहुधा चुकीचं आहे. तो चित्रपट म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’. पण जी दृश्यं आपण बघतो ती दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या हरिश्चंद्राची आहेत, असं मूकपटांच्या बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

चार वर्षांचा फरक म्हटला तर किरकोळ. पण जुन्या चित्रपटांचं जतन कशाला म्हणायचं, हा प्रश्न याच एका उदाहरणात जितका नीट उलगडतो तितका क्वचितच दुसरीकडे उलगडत असेल. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

तीन आण्यांत दोन मैल

आधी मूळ ऐवज काय होता ते पाहू. फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले. तिथून त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्र आणलं. दादरला मथुरादास मकनजींच्या बंगल्यात त्यांनी बस्तान मांडलं. आज त्या रस्त्याला फाळक्यांचंच नाव आहे. बाहेरची दृश्यं वांगणीला घेतली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दामोदर दाबके, तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके, रोहिताश्वाच्या भूमिकेत फाळक्यांचा मुलगा भालचंद्र आणि कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांना खुला झाला. नुसता चित्रपट नव्हे; सोबत मिस आयरीन डेलमार यांचं नृत्य, एक विनोदी स्केच आणि पायांनी कसरती करणारा एक कलाकार, असा सगळा कार्यक्रम होता.

लांबी चार रिळं, सुमारे ३,७०० फूट. मुंबईबाहेर प्रेक्षक खेचायला फाळक्यांनी केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत. ही जाहिरात मी एकदा गणित करून तपासली होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. ३,७०० ला सोळाने गुणलं की ५९,२०० येतात, म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ चोख. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. तिथे फाळक्यांनी जवळपास तिप्पट मारली आहे. तंत्रज्ञ फाळके आणि धंदेवाईक फाळके एकाच वाक्यात भेटतात ते असे.

आज हरिश्चंद्राची म्हणून दोनच रिळं उरली आहेत, पहिलं आणि शेवटचं. पहिल्यात धनुर्विद्येचा प्रसंग, शिकारीला निघायचा नागरिकांचा आग्रह, जलक्रीडा, विश्वामित्राच्या यज्ञात अडकलेल्या तीन शक्ती आणि राज्याचं दान. शेवटच्यात तारामतीवरचा खुनाचा आळ, तिच्याच मानेवर तलवार उगारायची हरिश्चंद्रावर आलेली वेळ आणि शंकराचं प्रकट होणं. मधला राज्यत्याग, वनवास, काशी, डोंबाघरची चाकरी, म्हणजे ज्यावर आजी-आजोबांच्या पिढीने डोळे पुसले तो सगळा भाग गेला. कथा सर्वांना पाठ असल्याने दोन टोकं पाहूनही प्रेक्षकाला चुकल्यासारखं वाटत नाही. अनोळखी कथा असती तर ही दोन रिळं कुणाला दाखवताच आली नसती.

जलक्रीडेचा प्रसंग मुद्दाम थांबवून पाहण्यासारखा आहे. हौदात तारामती आणि तिच्या सख्या पाणी उडवताहेत. लुगडी भिजून अंगाला चिकटली आहेत आणि त्याखाली पुरुषांचे खांदे, पुरुषांचे दंड स्पष्ट दिसतात. बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. साळुंके फाळक्यांना ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत सापडले, ही गोष्ट आता दंतकथेसारखी झाली आहे. तिथे दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. त्या काळच्या प्रेक्षकाला यात काही वावगं वाटलं नसणार, कारण संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टींनी त्याची नजर आधीच तयार केली होती. पण रंगमंचावरचा नट लांबून दिसतो आणि कॅमेरा जवळ जातो. तो प्रसंग बघताना पडद्याची ही नवी अडचण फाळक्यांच्याही लक्षात येत असावी, असं मला नेहमी वाटतं.

बैलगाडीतला डबा

मग १९१३ चं चित्र गेलं कुठे? सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी: गावोगाव खेळ करत फिरताना फिल्मचे डबे बैलगाडीतून जात होते, ऐन उन्हाळ्यात फिल्मने पेट घेतला आणि फाळक्यांनी हार न मानता सगळं पुन्हा चित्रित केलं.

गोष्ट फाळक्यांच्या स्वभावाला शोभते, म्हणून ती टिकली. तपशिलात मात्र मला ती थोडी सैल वाटते. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे आणि हा पदार्थ बंदुकीच्या दारूच्या नात्यातला. एकदा पेटला की जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. पण ताजी फिल्म नुसत्या उन्हाने पेटत नाही. त्यासाठी शंभराच्या बऱ्याच वर तापमान लागतं. चाळीस अंशांच्या आसपासच्या सततच्या उष्णतेत आपोआप पेटण्याचा धोका असतो तो सडत आलेल्या, वर्षानुवर्षं बंद डब्यात कोंडलेल्या फिल्मला. चार वर्षांच्या प्रिंटच्या बाबतीत गाडीवानाची बिडी किंवा डब्याजवळ टांगलेला कंदील जास्त संभवतो. किंवा आग लागलीच नसेल आणि शेकडो खेळांत हाताने फिरवलेल्या यंत्राने भोकं फाटून प्रिंट निकामी झाली असेल. तेव्हाच्या चित्रपटाला हे मरण सर्वांत जास्त यायचं, पण त्याची गोष्ट कोण सांगणार?

नव्याने करण्याला धंद्याचंही कारण होतं. तोवर फाळके नाशिकला स्थिरावले होते, त्यांचं तंत्र सुधारलं होतं. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने तुफान गर्दी खेचली, त्यात साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते. अशा वेळी हुकमी विषय नव्या प्रिंटमध्ये बाजारात आणणं हा साधा व्यवहार होता. आपल्याकडे हे पुढेही होत राहिलं. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ गेला, पण १९३६ मध्ये त्यांनी तोच विषय बोलपटात पुन्हा केला होता. नवी आवृत्ती निघाली की जुनीची किंमत डब्याच्या पत्र्याएवढी उरायची.

यात आणखी एक घोळ आहे. फाळक्यांच्या १९१७ च्या आवृत्तीचा उल्लेख ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ असा केला जातो. आणि त्याच साली, नेमक्या त्याच नावाचा चित्रपट कलकत्त्यात मदन कंपनीसाठी रुस्तमजी धोतीवाला यांनी काढला. एक कथा, एक साल, एक नाव, दोन शहरं. जुन्या जाहिरातीत नुसतं नाव दिसलं तर ती कुणाची, हे प्रत्येक वेळी थिएटर आणि गाव बघून ठरवावं लागतं.

पुण्यात काय आलं

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं. म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर एक्कावन्न वर्षांनी आणि फाळक्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी. दुसऱ्याच वर्षी पी. के. नायर तिथे आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेच संग्रहालयाचा कणा होते. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे काही तुकडे आज आहेत ते फाळके कुटुंबीयांकडून मिळाले आणि ते मिळाले कारण नायर दारात जाऊन उभे राहिले. सरकारी पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसणारा अधिकारी असता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

उशीर किती भोवला, हे नायर स्वतः सांगत असत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ काढणारे अर्देशीर इराणी त्यांना भेटले तेव्हा म्हणाले, रिळं इथेच कुठेतरी असतील. बाहेर पडताना मुलाने, शापूरने, हळूच सांगितलं की ती त्यानेच चांदी काढून घ्यायला देऊन टाकली. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या थरात चांदी असते. ती वितळवून विकणं हा त्या काळी रीतसर व्यवसाय होता. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले पूर्ण स्वरूपात टिकलेले बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या कितींची अशी चांदी झाली, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

‘कालिया मर्दन’ची हकीकत हरिश्चंद्राच्या शेजारी ठेवून पाहावी. १९१९ चा हा चित्रपट, यात फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. हाती आलेली फिल्म विस्कटलेल्या तुकड्यांत होती, कोणतं दृश्य कशानंतर हे कळायला मार्ग नाही. फाळक्यांची टिपणवही उपयोगी पडली आणि तिच्या आधाराने नायरांनी क्रम लावला. आज फाळक्यांचा सर्वांत सलग पाहता येणारा चित्रपट हाच. हरिश्चंद्राच्या बाबतीत क्रम लावायचा प्रश्न नव्हता. दोन रिळं होती, कथा सरळ होती. डब्यावर नाव लिहिलं गेलं आणि नावापुढे १९१३ हे साल येत गेलं. ते साल कुणी फसवायला लिहिलं नाही. हरिश्चंद्र म्हटलं की १९१३, इतकं ते जिभेवर बसलं होतं.

पुरावा जळतो म्हणजे काय

आता मुख्य मुद्दा. साल ठरवायचं कसं?

चित्र बघून थोडंफार कळतं. नटांचं वय, पडद्यांची रंगवणूक, मागचे डोंगर वांगणीचे की नाशिकचे, दुहेरी छायाचित्रणातली, म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेण्यातली सफाई. यज्ञकुंडाच्या ज्वाळांत तीन शक्ती ज्या सफाईने दिसतात ती पहिल्याच प्रयत्नातली की चार वर्षांच्या सरावाची, यावर वाद घालता येतो आणि तो वर्षानुवर्षं घालता येतो.

पक्का पुरावा मात्र चित्रात नसतो, चित्राच्या कडेला असतो. कच्ची फिल्म कोडॅकची असेल तर १९१६ पासून तिच्या काठावर त्या त्या वर्षाची खूण छापलेली सापडते: १९१६ ला गोल, १९१७ ला चौकोन, १९१८ ला त्रिकोण. खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येतात, पण १९१७ आणि १९३७ यांत गोंधळ व्हायची भीती इथे फारशी नाही. काठावर चौकोन दिसला तर ती फिल्म १९१३ ची असूच शकत नाही. काहीच खूण नसेल तर वाद पुन्हा उघडतो. भोकंही बोलतात. फाळक्यांकडे फिल्म भोकं न पाडलेली येई. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून यंत्राने ती पाडत. घरगुती यंत्रावर पाडलेल्या भोकांचं अंतर, त्यांचा तिरकेपणा, कारखान्यातून येणाऱ्या फिल्मपेक्षा वेगळा पडतो. सांधे कुठे आहेत, ते प्रत्यक्ष चिकटवलेले आहेत की आधीच्या प्रिंटमधून छापून आलेले, यावरून ही कितव्या पिढीची प्रत ते समजतं.

यातलं बहुतेक सगळं मूळ नायट्रेट फिल्म हातात असली तरच पाहता येतं. आणि ८ जानेवारी २००३ ला पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट व्हॉल्टला आग लागली. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ते हे व्हॉल्ट. हजारो रिळं जळाली. त्या वेळच्या बातम्यांत गेलेल्यांच्या यादीत फाळक्यांच्या चित्रपटांची नावं होती, प्रभातची होती. संग्रहालयाकडून लगेच खुलासा आला की महत्त्वाच्या चित्रपटांच्या सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मवर, प्रती आधीच काढलेल्या आहेत, त्यामुळे चित्रपट गेलेले नाहीत.

खुलासा खरा होता, हरिश्चंद्र आजही पाहता येतो. पण प्रत म्हणजे चित्राची प्रत. कडेची खूण, भोकांची ठेवण, फिल्म किती आकसली होती, काठावर कुणी पेन्सिलीने काही लिहिलं होतं का, हे प्रतीत उतरेलच असं नाही. अशा प्रती बोलपटांच्या छपाई यंत्रांवर निघाल्या की मूकपटाच्या चौकटीची एक बाजूही ध्वनिपट्टीसाठी कापली जाते. सेकंदाला सोळा चौकटींच्या वेगाने फिरवलेलं चित्र चोवीसच्या वेगाने चालवलं की पात्रं तुरुतुरु पळतात आणि पुढच्या पिढ्यांना वाटतं की मूकपटात लोक असेच चालत.

मूळ फिल्म प्रत काढल्यावरही का ठेवायची, या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं आहे. बऱ्याच देशांत एके काळी प्रत निघाली की नायट्रेट नष्ट करण्याचा रिवाज होता, कारण ते धोक्याचं आणि जागा खाणारं. नायट्रेट सडतं कसं हे पाहिलेल्या माणसाला त्या रिवाजाचा राग येणार नाही. आधी चित्र पिवळट पडतं, मग थर चिकट होतो, मग मधासारखे फोड येतात, पुढे सगळ्या रिळाचा एक गोळा होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. हे थांबवता येत नाही, थंडाव्याने लांबवता मात्र येतं. सेफ्टी फिल्मही अमर नाही. दमट हवेत तिला व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो, ती आकसते आणि वाकडी होते. आपल्याकडच्या हवेत, वीज जाणाऱ्या शहरात, थंड आणि कोरडी खोली दशकानुदशकं चालू ठेवणं हे जतनातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत खर्चिक काम. त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

शोध कुठे घ्यायचा

१९१३ चं चित्र कायमचं गेलं, असं धरून बसायचं कारण नाही. फाळके १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा स्वतःचे तीन चित्रपट सोबत घेऊन गेले होते: ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’. तिथे खेळ झाले, व्यापाऱ्यांनी पाहिले. म्हणजे किमान एक प्रिंट त्या वर्षी युरोपात होती. हरिश्चंद्राची एकच प्रिंट काढली होती, असंही ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते खरं असेल तर तीच जाऊन परत आली असणार आणि लंडनचा माग तिथेच संपतो. पण कंपन्या नमुन्याला रीळभर तुकडा ठेवून घेत आणि युरोपातल्या संग्रहालयांच्या तळघरांत न ओळखलेल्या, शीर्षकपट्टी नसलेल्या तुकड्यांची कमी नाही.

हा आशावाद हवेतला नाही. मदन कंपनीचा ‘बिल्वमंगल’, धोतीवालांचाच, १९१९ चा. आपल्याकडे तो पूर्ण हरवलेला मानला जात होता. त्याचे ५९४ मीटर, साधारण अठ्ठावीस मिनिटं, पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या चित्रपट संग्रहालयात निघाले आणि २०१६ मध्ये त्यांची डिजिटल प्रत पुण्याला आली. बदल्यात पुण्याने ‘जमाई बाबू’ हा १९३१ चा बंगाली मूकपट दिला. मूळ चित्रपट १२,००० फुटांचा, म्हणजे मिळाला तो सहावा हिस्सा. पण शून्याचा सहावा हिस्सा झाला. कलकत्त्याचं चित्र पॅरिसला कधी नि कसं पोहोचलं याला आता महत्त्व नाही. तिथल्या कुणीतरी न कळणाऱ्या लिपीतल्या डब्याची नोंद ठेवली, तो टाकला नाही, हे महत्त्वाचं.

अशा शोधाला चित्रपटापेक्षा कागद जास्त लागतो. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात स्वतःच्या धडपडीवर लेख लिहिले, ते मराठीत आहेत आणि कुणालाही वाचता येतात. त्या काळची मराठी आणि गुजराती वृत्तपत्रं, थिएटरांच्या जाहिराती, त्यातले खेळ कुठल्या गावी कधी लागले याचे तपशील अजून पूर्ण चाळले गेलेले नाहीत. कोल्हापूर, सोलापूर, सुरत इथल्या १९१३ ते १९१७ च्या जाहिरातींचा तक्ता केला तर प्रिंट किती होत्या, जुनी कधी थांबली आणि नवी कधी सुरू झाली, हे बरंचसं उघड होईल. हे काम पुण्या-मुंबईतल्या ग्रंथालयांत बसून करण्यासारखं आहे. त्याला नायट्रेट लागत नाही की परदेशवारी.

राहता राहिली नोंद. नोंदीत चित्रपट एकच असतो, आवृत्त्या दोन. माझ्या मते ती अशी हवी: राजा हरिश्चंद्र, फाळके, पहिली आवृत्ती १९१३, अनुपलब्ध. त्याखाली वेगळी ओळ: दुसरी आवृत्ती १९१७, पहिलं आणि शेवटचं रीळ उपलब्ध, ओळख संभाव्य, मूळ नायट्रेटची स्थिती अमुक, प्रत कोणत्या पिढीची आणि कधी काढलेली तमुक. ‘संभाव्य’ लिहायला संग्रहालयं कचरतात, कारण पाहुण्यांना पहिला चित्रपट दाखवायचा असतो. पण १९१३ चा एखादा तुकडा उद्या खरोखरच लंडनहून किंवा आणखी कुठून आला, तर त्याची तुलना कशाशी करायची हे याच नोंदीवरून ठरणार आहे. दोन्हीकडे १९१३ च लिहिलेलं असलं तर नव्या डब्यावर ‘दुबार प्रत’ असा शेरा पडेल आणि तो मागच्या फळीत जाईल.